यादीत नसलेला संगणक

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार
धानपट्ट्यातल्या गोरेगावच्या राइस मिलमध्ये आज रुजू झाले! वर्ध्याहून निघताना आई रडत होती, मी मात्र बसमध्ये बसल्या बसल्या हसत होते. मुर्री गावात खोली मिळाली. घरमालकीण धुरपताबाईंनी आल्या आल्या गरम भात आणि लाखोळीची डाळ वाढली. मिलचे संगणक, वजनकाटा, दारांची कार्डाची कुलपं, धानाच्या उंच लोखंडी कोठ्या, सगळं एकाच नेटवर्कवर आहे. बाहेरच्याला शिरायला कुठे फट आहे का, ते मी शोधायचं. व्यवस्थापक केशोराव म्हणाले, खर्च करू नका, फुकटात मिळतं ते बघा.

६ नोव्हेंबर, गुरुवार
साधनं निवडण्यातच तीन दिवस गेले. ओपनवास हे सॉफ्टवेअर खोलवर तपासतं, पण माझ्या लॅपटॉपला ते झेपत नाही, आणि कोठ्यांची जुनी यंत्रं त्या माऱ्याने अडकतील अशी भीती. म्हणून आधी एनमॅप. ते हळूच प्रत्येकाचं दार वाजवतं आणि आत कोण आहे ते सांगतं. सोबत वायरशार्क, तारेवरून कोण कुणाशी काय बोलतंय, ते त्यात दिसतं. दोन्ही फुकट आणि भरवशाची.
मिलच्या यादीत अकरा यंत्रं आहेत. एनमॅपला बारा सापडली. विसरलं असेल कुणी लिहायचं.

८ नोव्हेंबर, शनिवार
केशोराव हसून म्हणाले, पुराना प्रिंटर होगा, छोडो. पण वायरशार्कमध्ये ते बारावं यंत्र तीन नंबरच्या कोठीशी बोलताना दिसतंय; प्रिंटर कोठीशी कशाला बोलेल?
कोठ्या सांभाळणाऱ्या बकारामजींना विचारलं. ते प्रफुलबद्दल बोलले. माझ्या जागेवर आधी तो होता. दोन वर्षांपूर्वी तो काहीतरी तपासायला त्या कोठीत उतरला आणि तळाचा धान ओढणारा स्क्रू अचानक फिरायला लागला; प्रफुल धानात ओढला गेला, वाचला नाही. ठपका बकारामजींवर आला.
"मी सोताच्या हातानं बटन बंद करलो होतो बाई. कोनी आयकलाच नाही."
प्रफुलची आई अजून त्यांना पाहून रस्ता बदलते.

१० नोव्हेंबर, सोमवार
कोठीच्या यंत्रात जुन्या नोंदी तशाच आहेत. प्रफुल गेला त्या दिवशी ११.४२ ला स्क्रू सुरू झाला, तो बटणाने नाही. बटण बंद असलं तरी नेटवर्कवरून आलेला हुकूम हे यंत्र ऐकतं; पासवर्डसुद्धा मागत नाही. हुकूम त्या बाराव्या संगणकाचा होता.
ऑफिसच्या संगणकात प्रफुलने मालकांना लिहिलेलं, न पाठवलेलं पत्र सापडलं. त्यालाही बारावा दिसला होता. त्यावरून वजनकाट्यात फेरफार करून शेतकऱ्यांच्या धानाचं वजन कमी दाखवतात, असं त्याने लिहिलंय.
बाराव्याच्या तारेचा माग काढत गेले. ती केशोरावांच्या कुलूपबंद कपाटात शिरते. वळले तर ते मागेच उभे. काय शोधून राहिल्या मॅडम, एवढंच विचारलं. अगदी हळू.

११ नोव्हेंबर
मालकांना मेल जात नाही. फोन लागत नाही. उद्या नोंदींची प्रत घेते आणि थेट पोलिसात—
केशोराव आज धुरपताबाईंकडे येऊन गेले. मी किती वाजता निघते, ते विचारत होते.

१२ नोव्हेंबर, सकाळ
सर्व्हरच्या खोलीत आहे. माझ्या कार्डाने आता आतून दार उघडत नाही. मोबाइल केशोरावांनी आल्या आल्याच ठेवून घेतला.
खिडकीतून दिसतंय, बकारामजींना तीन नंबरमध्ये उतरवलंय. मी ओरडले. मिलच्या आवाजात कुणाला—
वायरशार्कवर बारावा तीन नंबरशी बोलायला लागला.

सगळ्या तारा उपटल्या. हुकूम तुटताच स्क्रू थांबला. बकारामजी वर आले, जिवंत आहेत. धावत खिडकीखाली येताहेत. खिडकीला गज आहेत, वही जाईल एवढीच फट.
दाराबाहेर केशोराव. नेटवर्क काऊन बंद केलं, विचारताहेत. कार्ड आता चालणार नाही, पण कुलपात किल्ली फिरते आहे—
वही खाली टाकते. बकारामजी, पोलिसांना द्या. आणि प्रफुलच्या आईला वाचून दाखवा, तुम्ही बटण बंद केलं होतं, तुम्ही खरंच बंद के—