पायाखालची परात

प्रिय नीलम्मा,

शरणु शरणार्थ. आमच्या गावचा टँकर परवापासून बंद आहे, म्हणून हे पत्र लिहावं लागत आहे. एरवी माझ्या पुतण्याला, मन्मथला, तू भाची नाकारल्यावर निदान दिवाळीपर्यंत तुला लिहायचं नाही, असं मी ठरवलं होतं. तुझा गुडघा कसा आहे? मुदखेड स्टेशनचा जिना चढू नकोस. (चढतेसच. हैदराबादच्या वसतिगृहात तरी तू कोणाचं ऐकलंस?) भाचीला आशीर्वाद. मुलगी चांगली आहे, हे नकारानंतरही लिहिते.

तुम्ही मंडळी घर पाहायला आलात, तेव्हा आमचे तिन्ही रांजण काठोकाठ भरलेले होते. ते पाणी आमचं नव्हतं. मन्मथचं जमावं म्हणून शेजारच्या शिवम्माने आणि अख्ख्या गल्लीने आपापल्या घागरी आमच्याकडे ओतल्या होत्या. या दुष्काळात कोरड्या घरी मुलगी कोण देतं? नेमके तेव्हाच नव्या जिल्ह्याच्या कचेरीतून पाहणीचे साहेब आले. (लातूर जिल्हा झाल्यापासून साहेब वाढले, विहिरी होत्या तेवढ्याच आहेत.) गावाची प्रगती किती झाली आणि ती टिकेल किती, हे त्यांना मोजायचं होतं. मी शिकलेली, म्हणून सरपंच ईश्वरप्पांनी त्यांना थेट आमच्याच घरी आणलं. नळ आणि विजेचे खांब वाटेतच मोजून झाले होते. त्यांनी रांजणांची झाकणं उचलली आणि तुझ्यासमोर मला विचारलं, "बाई, तुमच्या गावात टंचाई आहे कुठं?" आता तूच सांग. आहे म्हटलं तर सून जाते, नाही म्हटलं तर टँकर जातो. मुलींनी खरं बोलावं म्हणून तीस वर्षं शाळेत छडी चालवलेली मी म्हणाले, "चहा घ्या."

त्याआधी सगळ्यांना पाय धुवायला पाणी दिलं, तेव्हा शिवम्माने सवयीने प्रत्येकाच्या पायाखाली परात सरकवली होती. (ते पाणी आम्ही भांडी घासायला वापरतो.) अंगणात चिखल होऊ नये म्हणून ती ठेवली, असं साहेबांना वाटलं आणि गावाची स्वच्छता उत्तम, अशी त्यांनी नोंद केली. तू मात्र परातीकडे पाहिलंस, मग रांजणांकडे, मग माझ्याकडे, आणि चहा अर्धा ठेवून उठलीस. जिथं पाणी येतं तिथं ते कोणी असं परातीत धरत नाही की रांजणांत कोंडून ठेवत नाही, हे तुला कळलं. त्याच रांजणांवरून साहेबांनी पाणी मुबलक ठरवलं. आता गावातल्या बाया माळापलीकडच्या विहिरीवर जातात आणि शिवम्मा जाता-येता मला ऐकवते, "पार्वतक्का, लगीन बी न्हाई, पानी बी न्हाई. तुमचं कालेज लई कामाला आलं बघा!"

नीलम्मा, मी यावर पुष्कळ विचार केला. नळ मोजून काय कळतं? आमच्या नळावर चिमण्या बसतात. पाहुण्याच्या पायाखालची परात कोणत्या वर्षी निघाली, ते मोजावं. आणि पुढच्या दुष्काळात ती परत आली नाही, तर प्रगती टिकली असं लिहावं.

तुझी,
पार्वतम्मा

ता. क. मुलगी देऊ नकोस. पण का देत नाहीस, ते परातीसकट सविस्तर लिहून सहीनिशी पाठव. ईश्वरप्पा आणि मी ते घेऊन लातूरला जाणार आहोत. माझ्या बोलण्यावर साहेब आता विश्वास ठेवणार नाहीत. सोयरीक मोडल्याचं पत्र मात्र कोणी हौसेनं लिहीत नाही, एवढं त्यांनाही कळेल. मन्मथला मी हे सांगितलं. हे पत्र घेऊन तुझ्याकडे स्वतःच जातो, असं तो म्हणाला.

आणखी एक. मन्मथच्या हाती दिलेल्या वस्तू: तू विसरलेला चष्मा, तुमच्या पेढ्यांचा डबा (रिकामा देऊ नये म्हणून आत तूरडाळ), भाचीने विणलेला रुमाल, धुतलेला नाही, कारण तुला माहीत आहे. मुलीचा फोटो दिलेला नाही. सापडत नाही, असं मन्मथ म्हणतो. त्याच्या सदऱ्याच्या खिशात आहे, मी पाहिला.