पांढऱ्या कपड्यांवरची नीळ

बाबा, काल मी माझ्या नातीची कराटेची स्पर्धा पाहायला वाशिमला गेले होते. मागे तिचा हात मोडला, त्यानंतर कितीतरी दिवस पोरगी क्लासचं नाव काढू देईना, आणि या उन्हाळ्यात आपणहून पुन्हा मैदानात उतरली. तुम्हाला कराटे काय ते ठाऊक नाही, पण आज असतात तर ती उभी कशी राहिली हे तुम्हाला बरोबर कळलं असतं. ती जिंकली की हरली ते सांगत बसत नाही. घरी सगळे आईस्क्रीम खात बसलेत आणि मला तुमच्याशी दुसरंच बोलायचं आहे. फार वर्षांपासूनचं आहे.

दुष्काळाचा तो उन्हाळा. एरवी उन्हाळा म्हणजे आईच्या कुरडया, राखण करता करता आम्ही भावंडांनी ओल्याच खाल्लेल्या, आणि मग अनसिंगला मावशीकडे मुक्काम. त्या वर्षी कुरडयांना गहू नव्हता आणि मावशीच्या विहिरीला पाणी नव्हतं. आपण सगळेच शेलूबाजारच्या रस्त्यावर दुष्काळी कामाची गिट्टी फोडायला जातो. तुम्ही मोठे धोंडे फोडता, आई आणि मी त्यांची गिट्टी करतो, धाकटा बाभळीखाली बसून पाण्याची राखण करतो, म्हणजे अर्धं पाणी तोच पिऊन टाकतो. दुपारी कामावर सरकारी सुखडी वाटतात, गूळ-पिठाची. तुमच्या वाट्याची अर्धी तुम्ही माझ्या हातावर ठेवता आणि दुसरीकडे बघत खाता. मला ती सुखडी गोड लागत नसे, हे आता सांगायला हरकत नाही.

कारण होतं ते आदल्या वर्षीचं. विहारासमोर संध्याकाळी तुम्ही गावच्या पोरांना फरीगदका शिकवायचात. एका हातात फरी, म्हणजे चामड्याची लहानशी ढाल, दुसऱ्या हातात चामडं चढवलेली काठी. त्या सगळ्या पोरांत पोरगी मी एकटी. कुणी हसलंच तर तुम्ही म्हणायचात, "काठीले काय ठाऊक, हात कोनाचा हाय ते." चौदा एप्रिलच्या जयंतीला गावागावांचे सामने झाले. समोरच्या पोराच्या काठीचं चामडं टोकाला फाटलेलं होतं, ते कुणी पाहिलं नाही. काठी माझ्या भुवईवर बसली. तुम्ही मला खांद्यावर टाकून घरी आणलंत, आईनं जखमेत हळद भरली, आणि उंबऱ्यात उभं राहून तुम्ही एवढंच म्हणालात, "मार खाल्ला तं खाल्ला. पन काठी यायच्या आंधीच डोये काहून मिटले तू?"

आई तुमच्यावर उसळली. "पोरीचा डोया गेला असता तं तिले कोन पदरात घेतलं असतं? पुन्ना तिच्या हातात काठी देऊ नोका." मला तिचं बोलणं नीट ऐकूच आलं नाही. मी रडत होते, पण मार लागला म्हणून नाही. पुढे मी सरावाला गेले, तर समोरची काठी हलली की डोळे आपसूक मिटायचे. मग तुम्ही मला हाक मारणं सोडलंत. बाबांनी आपल्याला टाकलं, असं मी धरून चालले. वर्षभर मला एकच हवं होतं, तुम्ही बघत असताना उघड्या डोळ्यांनी उभं राहायचं.

कामाच्या घाईत त्या दुष्काळी वर्षी जयंतीचे सामने झालेच नाहीत. ते बुद्ध पौर्णिमेवर गेले, शेलूबाजारला. मी उतरते म्हणाले, तेव्हा आईनं तोंड फिरवलं आणि तुम्ही नुसती मान डोलावलीत. आपल्याकडे काठीच्या टोकाला चुन्यात भिजवलेली चिंधी बांधायची रीत होती. ज्याच्या अंगावर चुना उठला तो बाद. पण पौर्णिमेला झाडून सगळे पांढऱ्या कपड्यांत आलेले, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. पहिल्याच जोडीत दोघंही म्हणू लागले, मी मारली, आणि पांढऱ्या सदऱ्यांवर पांढरा चुना कुणालाच दिसेना. पंच सदरे उन्हाकडे करून बघतायत, दोन्ही गावं एकमेकांवर धावून जायच्या बेतात. तेवढ्यात आई उठली. सकाळीच बाजारात घेतलेली निळीची पुडी तिनं लुगड्याच्या ओच्यातून काढली आणि पंचांपुढे धरली. "घ्या. पांढऱ्यावर पांढरं काय दिसन तुमाले?" कपडे खराब होतील म्हणून कुणी कुरकुरलं, तर म्हणाली, "धुतली तं नीळ जाते." वर्षभर माझ्या काठीच्या नावानं बोटं मोडणारी बाई, तिच्याच निळीनं माझा सामना झाला. त्या दिवशी मला आई फार आवडली.

समोर रिठदचा पोरगा होता, माझ्याहून हातभर उंच. त्याची काठी सरळ भुवईवरच आली, त्याच जागी. बाबा, मी डोळे मिटले नाहीत. निळी चिंधी येताना दिसली, फरी वर केली, काठी फरीवर आदळली, आणि फरीच्या कडेवरून मला तुम्ही दिसलात. पुढच्या रांगेत उकिडवे बसलेले, मुठी आवळलेल्या, आणि डोळे गच्च मिटलेले. दातांखाली ओठ. मी तुमच्याकडेच बघत राहिले. दुसरी काठी कधी आली कळलंच नाही, खांद्यावर निळा डाग उठला आणि पंचांनी मला बाद केलं.

परतीच्या वाटेवर आई आणि धाकटा पुढे होते. तुम्ही विचारलंत, "चांगली लढून राह्यली होती. मंग चुकली कुठी?" पाय सरकला, असं मी सांगितलं. तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात आणि म्हणालात, "हारली तं हारली. पन तुये डोये उघडे होते. मी सोता पायलं."

मी हो म्हणाले. आजवर कुणापाशी बोलले नाही, आणि हा कागदही कुणाला दाखवणार नाही. पाय सरकला नव्हता, बाबा.