सहा किलो की आठ

३ फेब्रुवारी, सोमवार

मेली एकदाची! मशीन. सासूबाई नव्हे.

सकाळी मागच्या बाल्कनीतून जळका वास, मग धूर, मग सासूबाईंची किंकाळी. मिस्त्री येऊन बघून गेला — “आंटीजी, मोटर फुक गई. अब इसमें कुछ नी बचा.” सासूबाई डोळ्याला पदर लावून बसल्या. किती वर्षांची साथ होती म्हणे! नानांनी — माझे सासरे, नाव चिंतामण, उद्योग पेपर वाचणे — लगेच होळकरांच्या धोब्यांची गोष्ट काढली. त्यांचे पणजोबा होळकरांच्या दफ्तरात कारकून होते. या घरात कुकरची शिट्टी हरवली तरी गोष्ट होळकरांपर्यंत जाते.

मला काय त्याचं! माझे कपडे त्या मशीनीत कधी गेलेच नाहीत. माझी निळी बादली ठणठणीत आहे. लग्नाला तीन वर्षं झाली. तीन वर्षं माझे कपडे त्या बादलीत, माझ्या हातांनी. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात नवऱ्याने, मानसने, हळूच सांगितलं होतं — “धम्मा, आईचं जरा सोवळं-ओवळं असतं. तुझे कपडे तू वेगळे धू ना. थोडेच दिवस. मी समजावतो तिला.” पुढे एक शब्द नाही. पण न कळायला मी काय कुक्कुलं बाळ आहे? महूची बौद्ध मुलगी सून म्हणून आली, तेवढं कसंबसं गिळलं. आता तिचे कपडे ह्यांच्या कपड्यांबरोबर घुसळले जाणार, ते घशाखाली उतरत नाही. पूजेची साडी तर बाई काठीने उंच दांडीवर टाकतात, नानांनासुद्धा शिवू देत नाहीत. मग माझी काय कथा.

आता सगळेच बादलीवर आलेत. छान झालं!

४ फेब्रुवारी

नाना स्वतःचं बनियन धुताहेत. एक बनियन, अख्खी साबणवडी. बाथरूममधून कण्हण्याचे आवाज येताहेत.

६ फेब्रुवारी, गुरुवार

मानसने एक्सेल उघडलं. म्हणजे मशीन घरात यायला दिवाळी उजाडणार.

कॉलमच कॉलम! फ्रंट लोड, टॉप लोड, आरपीएम, वॉरंटी, ड्रम स्टीलचा की कशाचा. जेवताना यूट्यूब. कोणी एक पोरगा मशीनीला थापट्या मारत सांगतो, “गाइज, बिल्ड क्वालिटी देखो,” आणि माझा नवरा घास हातात धरून मान डोलावतो. मी फार्मा कंपनीत क्वालिटी कंट्रोलला आहे. रोज बस धरून पीथमपूरला जाते, दिवसभर पाणी आणि पावडरी तपासते. मला कोणी विचारलं का? मीच होऊन सांगितलं — आपलं बोरिंगचं पाणी जड आहे, हीटरवर चुना धरेल, कपडे कडक होतील. नळाला नर्मदेचं पाणी येतं, तो पाइप मागच्या बाल्कनीत ओढून घ्या आधी, मग मशीन बघा. “हो हो, नोटेड,” म्हणाला.

रात्री बघितलं. एक्सेलमध्ये पाण्याचा कॉलम नाही. रंगाचा आहे!

७ फेब्रुवारी

ठरवलं. नवी मशीन आली की माझे कपडे तिच्यात. सगळ्यांच्या बरोबर, एकाच ड्रममध्ये. नाहीतर मी महूला, मम्मीकडे. हे लिहून ठेवते, म्हणजे मला फिरवता यायचं नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

विजयनगरच्या शोरूममध्ये सहकुटुंब वरात. नानांनी कोट घातला होता. मशीन बघायला कोट!

सेल्समन टायवाला, केसांना जेल. “मैडम, ये मशीन नहीं है, लाइफस्टाइल है.” बरं बाबा. “इसमें एआय है. कपड़ा कितना मैला है, खुद पहचान लेती है.” मला हसूच फुटलं. कोणाचा कपडा मैला, हे ओळखायला आमच्या घरात मशीन कशाला पाहिजे? मानसने डोळे वटारले.

सासूबाईंचे प्रश्न वेगळेच. “भैया, एक बार का गंदा पानी पूरा निकल जाता है ना?” निकल जाता है, आंटी. “पक्का?” पक्का. “फिर भी थोड़ा तो रह जाता होगा.” मी टीव्हीच्या रांगेकडे जाऊन उभी राहिले, दात आवळून. कोणाचं पाणी थोडं राहील याची काळजी, ते मला सांगायला नको.

परत आले तर तो विचारत होता, “सर, फैमिली में कितने लोग?”

मानस म्हणाला, “तीन.”

मी त्याच्या शेजारी उभी! खांद्याला खांदा लागेल इतकी जवळ. सेल्समनने आमच्याकडे बघितलं, मनात मोजलं, आणि शहाण्यासारखे तीनच धरले. “तीन के लिए छह किलो बहुत है, सर.” सासूबाईंनी माझ्याकडे एक नजर टाकली — त्यांची ती ठरलेली, नाकाच्या शेंड्यावरून येणारी — आणि तोंड फिरवलं. नाना लिफ्टवाल्याला होळकर सांगत होते.

घरी आल्यावर मानसला धरलं. तीन?

“अगं, लोडच्या हिशोबाने म्हणालो. तुझे वेगळेच असतात ना. आणि आईसमोर कशाला उगाच... तुला माहितीय ना तिचं.”

माहितीय. चांगलं माहितीय. हा कॉलेजात समतेवर भाषणं ठोकायचा. मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवायचे, मूर्खासारखी. माझ्यासाठी घरच्यांशी भांडला म्हणे. कधी भांडला? मनातल्या मनात भांडला असेल, आणि तिथेही हरला असेल.

११ फेब्रुवारी

बादलीला लाथ मारली. बादलीला काही झालं नाही. अंगठा सुजलाय.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

मम्मीला फोनवर सांगून टाकलं. इतकी वर्षं लपवलं होतं.

ती म्हणाली, “तुझे आजोबा फौजेत गेले, ते सगळ्यांच्या पंगतीला बसायला मिळतं म्हणून. धोंडिबाची नात तू. आणि अशी वेगळी बादली घेऊन बसलीस?” मागून संघदीप ओरडला — माझा भाऊ, डोकं कायम तापलेलं — “ताई, मी पाठवतो मशीन! दहा किलोची!” मम्मीने त्याला झापलं, “तिला मशीन नाही पाहिजे, गप बस.” मग मला विचारलं, “तू बोललीस का कधी त्या बाईशी? तोंडावर?”

नाही बोलले. मानसने हात जोडले होते ना! आईला बीपी आहे, आईला आत्ता काही विचारू नकोस, लग्नाला हो म्हणाली हेच खूप. आणि मी ऐकत गेले. ज्या गावात बाबासाहेब जन्मले त्या गावची पोर मी, आणि एका प्लास्टिकच्या बादलीपुढे तोंड शिवून बसले. शरम वाटली. रडले पण. राग आला की मला रडू येतं, हा आणखी एक वैताग.

१५ फेब्रुवारी

एक्सेलमध्ये नवा कॉलम: आवाज किती डेसिबल. या घरात कोणी काही बोलतच नाही, मशीनीचा आवाज नक्की खुपेल.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज मल्हारगंज. नानांच्या ओळखीचं दुकान. ओळखीचं म्हणजे बाजारापेक्षा महाग, हे जगाला कळतं, नानांना कळत नाही. गाडी लावायला जागा नाही म्हणून अर्धी गल्ली चालत, मध्ये हातगाड्या, गायी, सासूबाईंची कुरकुर. दुकानदाराने आधी पोहे मागवले, वर मूठभर शेव, मग मशीनी दाखवल्या. मानसने फोनवर एक्सेल उघडून धरलं. दुकानदाराने त्याच्याकडे ज्या दयेने बघितलं, त्यासाठी मला तो माणूस फार आवडला.

मग तोच प्रश्न. “भिया, घर में मेंबर कितने?”

मानसचं तोंड उघडायच्या आत मी म्हटलं, “चार. आठ किलोवाली दिखाइए.”

नानांचा चमचा हवेत. सासूबाई माझ्याकडे वळल्या आणि मराठीत, अगदी कडक आवाजात — “का गं? तू घालणार आहेस तुझे कपडे आमच्यात?”

“का? चालणार नाही?”

“मला काय विचारतेस? आजवर कोणाला चालत नव्हतं?”

इतक्यात मानसचा फोन आला. आला कसला! मी बघितलं ना, स्क्रीन काळी होती. तसाच कानाला लावून “हाँ, बोलो बोलो” करत दुकानाबाहेर गेला.

मशीन न घेता परत. कोणाला चालत नव्हतं म्हणे! चोराच्या उलट्या बोंबा. वेगळी बादली माझ्यापुढे ठेवायची आणि वर मलाच विचारायचं! बॅग काढून ठेवलीय. उद्या रजा टाकते, कपडे धुते, वाळले की महू.

१७ फेब्रुवारी, सोमवार

नीट लिहिते.

मानस ऑफिसला गेला, नाना बँकेत. मी मागच्या बाल्कनीत बादली भरून बसले होते. सासूबाई आल्या, स्टूल ओढलं, समोर बसल्या. मी मान वर केली नाही.

“एक सांग मला,” म्हणाल्या. “आमच्या कपड्यांना काय खरूज झालीय?”

मला कळेचना. काय?

“लग्न झाल्या-झाल्या मानस म्हणाला, धम्माला दुसऱ्यांच्या कपड्यांत आपले कपडे चालत नाहीत. लॅबमध्ये असते, जंतूंचं फार करते. तिला काही बोलू नकोस आई, तिला वाईट वाटेल. म्हटलं, बरं. तेव्हापासून बघतेय. आमच्या कपड्यांना तुझं बोट लागत नाही. एवढा माज? परवा शोरूममध्ये मुद्दाम विचारलं मी त्याला, पानी पूरा निकलता है ना. म्हटलं, ऐकेल ही, तिची शंका फिटेल. तर तू टीव्ही बघायला गेलीस, ठसक्यात!”

मी म्हटलं, “आई, मला त्याने सांगितलं, तुमचं सोवळं आहे.”

“माझं? ते पूजेच्या साडीचं! मशीनीला कसलं आलंय सोवळं? नानांचे पायजमे जातात त्यात!”

नळ वाहत होता. दोघींपैकी कोणी बंद केला नाही. ती नाकाच्या शेंड्यावरची नजर मला आठवली, आणि माझीही. मीही तशीच बघत असणार त्यांच्याकडे.

मग त्या खाली बघत म्हणाल्या, “खोटं नाही बोलत. त्याने सांगितलं तेव्हा आधी मला बरंच वाटलं होतं. म्हटलं, सुटले, आपल्याला काही ठरवायलाच नको. राग नंतर यायला लागला.”

मिठी वगैरे मारली नाही. तसलं मालिकांमध्ये होतं. ‘बरंच वाटलं’ हे मी मरेपर्यंत विसरणार नाही, आणि तसं त्यांना सांगितलंही. त्या म्हणाल्या, “नको विसरू.” पण तोंडावर बोलली बाई. या घरात कोणी माझ्याशी खरं बोलल्याचं मला आठवत नाही.

त्यांनी उठून नळ बंद केला. माझ्या बादलीतला कुर्ता उचलला, पिळला, दांडीवर टाकला. दांडी नेहमीचीच, सगळ्यांची. मी बघत राहिले.

१८ फेब्रुवारी

मानसला विचारलं. वाटलं होतं, निदान लाजेल.

“मी दोघींचाही विचार केला,” म्हणे. “आईने नाही म्हटलं असतं तर तुला किती लागलं असतं!”

म्हटलं असतं! म्हणजे विचारलंच नाही. एकदाही नाही. तिला काय वाटतं, याने स्वतःच ठरवलं. मला काय सोसेल, तेही यानेच. आईच्या मनात किती होतं ते आई जाणे, पण हे आधी याच्या मनात आलं. मग आईच्या नावावर खपवलं.

“आणि बघ ना, घरात कधी भांडण झालं का? शांतता होती की नाही?”

एवढी किळस मला आजवर कोणत्याही मळक्या कपड्याची आली नाही. उशी उचलली आणि हॉलमध्ये झोपले.

२० फेब्रुवारी

बॅग अजून भरलेलीच आहे. महूला जायचं की नाही, बघू. सासूबाई मल्हारगंजच्या दुकानदाराशी फोनवर — “आठ किलो. ऊपर से ढक्कनवाली. हाँ हाँ, चार जने हैं. मैंने गिन लिए.”

एक्सेल कोणी उघडलं नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

मशीन आली. पहिल्या फेरीत सासूबाईंच्या साड्या, नानांचे पायजमे, माझे कुर्ते, माझा लॅबचा कोट. मानस आपले शर्ट घेऊन आला, तर सासूबाईंनी झाकण हाताने दाबून धरलं. “राहू दे. तुझे तू वेगळे धू ना,” म्हणाल्या. “थोडेच दिवस.” आणि निळी बादली पायाने त्याच्याकडे सरकवली.