बोटावरचा घास

१२ ऑक्टोबर

आजपासून मी मार्गिटच्या घरात राहायला आलो. ‘मार्गिटच्या’ नाही, ‘आमच्या’ म्हणायचं, असा दम तिने दारातच भरला. शुक्रवारी कोर्टात सह्या झाल्या, आणि आज चार खोकी, बर्फातले बूट आणि कॉफीचं मशीन घेऊन मी तळ्याकाठच्या या पिवळ्या घरात शिरलो. शेहेचाळिसाव्या वर्षी नवरदेव! खोकी उतरवताना माझा थोरला भाऊ कर्टिस म्हणाला की लायल, एवढी हसरी बाई तुझ्यात काय बघून फसली, देव जाणे.

मलाही ठाऊक नाही. मार्गिट दातांच्या डॉक्टरकडे मदतनीस आहे. आमची पहिली भेट झाली तेव्हा माझं तोंड उघडं होतं आणि तिचा हात माझ्या दाढेवर होता. म्हणजे बोललो मी काहीच नाही. कदाचित त्यामुळेच जमलं असावं.

घरात आणखी तिघं आहेत. फेरेट. भरलेल्या मोज्यासारखी लांबुळकी, आखूड पायांची, मिशाळ जनावरं. पर्ल पांढरी, टॉफी तांबूस, आणि सार्जंट हा मोठा, डोळ्यांवर काळा पट्टा असलेला नर. सार्जंट मार्गिटच्या स्वेटरच्या बाहीत झोपतो. मी हात पुढे केला तर त्याने वास घेतला आणि तोंड फिरवलं. मार्गिट खूप हसली. मीही हसलो.

मी शाळेची बस चालवतो, त्यामुळे दोन फेऱ्यांमध्ये बराच मोकळा वेळ मिळतो. आता रोज चार ओळी लिहीन म्हणतो. सुखाचे दिवस लिहून ठेवावेत.

२० ऑक्टोबर

सार्जंटला आज जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. दात कोरड्या खाण्याने झिजलेत आणि रक्तातली साखर भलतीच खाली-वर होते. डॉक्टरीणबाईंनी बजावलं की गोड अजिबात द्यायचं नाही. गोड खाल्लं की हा आधी तरतरीत दिसेल आणि मग एकदम कोसळेल.

मार्गिटने गाडीतच ठरवून टाकलं. डब्यातल्या कोरड्या गोळ्या बंद. तिघांनाही कच्च्या मांसावर आणायचं, आणि शेवटी अख्ख्या उंदरावर. तिने मला नीट समजावून सांगितलं. फेरेट लहानपणी जे खातो तेच त्याला अन्न वाटतं. बाकी काही पुढ्यात ठेवा, त्याला ते खायचं असतं हेच कळत नाही. त्यामुळे शिकवावं लागतं. आधी कच्ची कोंबडी बारीक वाटून, कोमट पाण्यात कालवून बोटावर घ्यायची आणि ओठाला लावायची. मग लहान तुकडे. मग हाडासकट पंख. मग सबंध जनावर. घाई करायची नाही, आणि आपल्या हाताशिवाय दुसरं काही त्याला मिळू द्यायचं नाही.

किती मायेने सांगत होती! मला वाटलं, मी फार चांगल्या बाईशी लग्न केलंय.

३ नोव्हेंबर

कामावरून आली की कोटही न काढता ती स्वयंपाकघरातल्या फरशीवर बसते. मांडीवर सार्जंट, शेजारी वाटी. बोट बुडवते, त्याच्या ओठाला लावते. तो थू थू करतो, पंजाने तोंड पुसतो. ती पुन्हा बोट बुडवते. तासन्‌तास. तोंडाने काहीतरी गुणगुणत असते. मी पलीकडे टेबलाशी बसून डब्यातलं सूप गरम करून पितो.

आज तिने त्याला ‘राजा’ म्हटलं. मला ती ‘राजा’ म्हणते.

मी थट्टेत म्हणून दाखवलं. ती म्हणाली, “अरे, तो आजारी आहे. तुला काय झालंय?”

मला काही झालेलं नाही. तोच तर प्रश्न आहे.

१६ नोव्हेंबर

सार्जंट खायला लागला. आज त्याने कोंबडीचा पंख हाडासकट फोडला. कडाकड आवाज झाला, आणि मार्गिटच्या डोळ्यांत पाणी आलं. मागच्या महिन्यात कोर्टात सह्या करताना नव्हतं आलं.

आता फ्रीजरमध्ये माझ्या आइस्क्रीमला लागून गोठवलेल्या उंदरांची पिशवी असते. ती त्यांना कोमट पाण्यात भिजवते आणि शेपटीला धरून सार्जंटसमोर हलवते. तो डोक्यापासून सुरू करतो. त्याचं खाणं होईपर्यंत ती जागची हलत नाही.

कर्टिसचा फोन आला होता. मी जरा बोललो. तो खो खो हसला. “लेका, सवत आणलीस घरात, आणि तीसुद्धा मिशीवाली!” म्हणाला. मी फोन ठेवून दिला.

२७ नोव्हेंबर

थँक्सगिव्हिंग. कर्टिस जेवायला आला होता. टर्की मी भाजली, पहाटेपासून खपलो. मार्गिटने त्यातलं काळीज आणि यकृत भाजायच्या आधीच काढून घेतलं होतं. आम्ही प्रार्थनेला हात जोडले, आणि ही खाली वाकून सार्जंटला काळीज भरवत होती. कर्टिस मला कोपराने ढोसत म्हणाला, “बघ बघ, काळीज कुणाला दिलं ते!”

सगळे हसले. सार्जंट जिभल्या चाटत माझ्याकडे बघत होता. फक्त माझ्याकडे.

४ डिसेंबर

मार्गिट कामावर असताना मी न्याहारीच्या पॅनकेकचा तुकडा मेपलच्या पाकात बुडवून सार्जंटला दिला. बोटावर. तिच्यासारखाच बसलो होतो, फरशीवर. तो एकदाही थुंकला नाही. माझं बोट चाटूनपुसून साफ केलं आणि माझ्या बाहीत शिरला.

संध्याकाळी तिने दिलेला उंदीर त्याने हुंगलासुद्धा नाही. ती फार हिरमुसली. मी तिला जवळ घेतलं.

बरं वाटलं. उद्याही देईन.

८ डिसेंबर

सार्जंट गेला.

मी दुपारच्या फेरीवर होतो. मार्गिट लवकर घरी आली, तेव्हा तो कपाटाखाली ताठ पडला होता. मी आलो तेव्हा ती फरशीवर त्याला घेऊन बसलेली. रडत नव्हती. त्याच्या मिशांवर बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं. मग जिभेवर ठेवलं. मग माझ्याकडे बघितलं.

मी म्हणालो की आजारी जनावर, आज ना उद्या होणारच होतं.

जमीन गोठलीय, पुरता येत नाही. तिने त्याला फडक्यात गुंडाळून फ्रीजरमध्ये ठेवलं.

एवढंसं तर गोड होतं. मला त्याला मारायचं नव्हतं. तिच्या मांडीवरून उठवायचं होतं, बस.

१४ डिसेंबर

आठवडाभर अबोला होता. आज ती टेबलाशी माझ्या शेजारी येऊन बसली. हातात गरम सुपाचा वाडगा. चमचा माझ्या तोंडाशी धरून म्हणाली, “आता तूच उरलास, राजा.”

मला रडू आलं. सबंध वाडगा तिने स्वतः भरवला. पर्ल आणि टॉफी पायाशी घुटमळत होत्या. तिने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी पाहिलं, मुद्दाम.

२२ डिसेंबर

शाळेला नाताळची सुट्टी. मी दिवसभर घरी. तीही रजा टाकून माझ्यासोबत. बाहेर कमरेइतका बर्फ पडलाय.

कपाटातला ब्रेड संपला तो तिने पुन्हा आणला नाही. डबाबंद सूपही नाही. विचारलं तर म्हणते, “मी भरवते ना!” सूप आता दाट असतं, गुलाबी, नुसतं कोमट. चमचा जाऊन बोट आलं. पहिल्या घासाला मला उलटी झाली. ती रागावली नाही. तोंड पुसलं आणि गुणगुणत पुन्हा बोट बुडवलं.

मी काय खातोय ते मला कळतं. इतका खुळा नाही मी. पण असं तासन्‌तास माझ्यासाठी कुणी बसलेलं नाही, आई गेल्यापासून.

२९ डिसेंबर

आज नको म्हणालो. तोंड घट्ट मिटलं. म्हटलं, मला अंडं उकडून दे, पाव दे, माणसाचं काहीतरी दे.

ती बरं म्हणाली. शांतपणे उठली, वाटी घेऊन फरशीवर बसली आणि पर्लला मांडीवर घेतलं. बोट बुडवलं. ‘ये गं राणी’ म्हणाली. तोच सूर.

मी खुर्चीवरून खाली केव्हा उतरलो ते आठवत नाही. पर्लला मी ढकललं असणार, ती कपाटाखाली जाऊन किंचाळत होती. मी वाटी चाटून साफ केली. मार्गिटने माझ्या केसांतून हात फिरवला.

६ जानेवारी

शाळा उघडली. मी गेलो नाही. मार्गिटने ताप आहे म्हणून कळवलं. ताप नाहीये. मला फार बरं वाटतंय. कधी नव्हे इतकं.

तुकडे सुरू झाले. दुपारी पंख. दात चांगले आहेत तुझे, म्हणाली. कडाकड आवाज झाला तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्यासाठी आलं.

मी बाहेर पळून एक पाकीट बिस्किटं आणली होती, जुन्या सवयीने. गाडीत बसून एक तोंडात टाकलं. पुठ्ठा चावल्यासारखं लागलं. ते खायचं असतं हेच — लक्षात येईना.

तिथेच मला भीती वाटली. पहिल्यांदा. घरी येऊन तिच्या मांडीवर डोकं ठेवलं तेव्हा गेली.

१५ जानेवारी

उंदीर. शेपटीला धरून हलवला. मी डोक्यापासून —

लिहिताना बोटं आखडतात. अक्षर लागत नाही.

पर्ल आणि टॉफी दोघींना तिने आज दुसऱ्या कुणाला देऊन टाकलं. मी तसं मागितलं होतं. आता फक्त मी.

२१ जानेवारी

ससा. सबंध. ती बसून होती शेवटपर्यंत.

मी विचारलं, सार्जंटचा राग आला होता का गं? म्हणाली की त्याला तिने महिनाभर शिकवलं होतं, आणि मी चार दिवसांत मोडून ठेवलं. मी फार चांगला शिकतोय, असंही म्हणाली. अजून एक पायरी राहिली.

हात फिरवत होती. पण हात गार होता.

पळायला हवं. गाडीची किल्ली कुठंय — तिच्याकडे. आणि जाऊन खाऊ काय —

२६ जानेवारी

फ्रीजर रिकामा. काल काही नाही दिलं. आज नाही.

शेजारच्या खोलीत फोनवर बोलत होती. हसत होती. कुणाशी — कुणाशी हसते ती — मी दार ओरबाडलं.

कर्टिसशी. त्याला जेवायला बोलावलंय. लायलला तुझी आठवण येते, म्हणाली.

मी विचारलं — जेवायला काय करणार. शब्द नीट फुटले नाहीत. पण तिला कळलं.

नुसती हसली.

२९ जानेवारी

काही नाही. पाणी फक्त. मला झोपायच्या खोलीत ठेवलंय. दार लोटून.

कर्टिसला कळवायचं. येऊ नकोस. कागदावर लिहून खिडकीत — लिहिलं. तिने बघितलं, घडी करून खिशात टाकलं. रागावली नाही. रागावत नाही कधी.

एवढी भूक —

३१ जानेवारी

दुपार. त्याची गाडी. बूट आपटतोय पायरीवर.

तिने कोट काढून घेतला त्याचा. हसतेय. पहिल्यासारखी — मला हसायची तशी. मी फटीतून —

लायल कुठंय विचारतो. झोपलाय म्हणते. तू बस, दमून आलास. माझ्या खुर्चीत बसवलं. खांद्यावर हात ठेवला त्याच्या. काढत नाही हात. काढत नाही —

ओरडायचंय. कर्टिस पळ. घशातून भलताच आवाज — त्याने वळून बघितलं. ती म्हणाली, काही नाही, तू कॉफी घे.

दार उघडलं तिने. थोडंसं. माझ्याकडे बघून मान हलवली.

मानेवर त्याच्या शीर उडतेय. इथून ऐकू येते. कोमट आहे. तो माझा भाऊ आहे. माझा भाऊ. खांद्यावरून हात काढत नाही ती. तो माझा भाऊ आहे तो माझ्या खुर्चीत —