आळशी यादी

१ सप्टेंबर २०१४
चालू झाली! परळच्या इस्पितळात डायलिसिसचे पेशंट आता मी संगणकावर लिहिलेल्या यादीप्रमाणे आत जाणार. आळशी यादी — विचारलं तरच पुढचं नाव काढते, आणि ते ठरवायला स्वतःतच डोकावते. ऑफिसातले रूपर्ट सर म्हणाले, "भारी! पण स्वतःकडेच बघणारी यादी कधी गळ्याशी येईल सांगता येत नाही हां." पेशंटांत आईही आहे. धाकधूक होतेय.

२ सप्टेंबर
डायलिसिसच्या नॉर्मा सिस्टरचा फोन. "तुमच्या चाळीतल्या बायका पाळ्या बदलत राहतात गं! 'अमकीच्या नंतर' टाकायची सोय दे." दिली. वरची नावं काढून बघितली, बरोबर आली.

३ सप्टेंबर, गौरीपूजन
मेले! यादी गोठली. सिस्टर ओरडतेय, "नावच येत नाही! बाहेर माणसं ताटकळलीत!" आईही तिथेच. एक पाळी चुकली की अंगात पाणी साठतं, दम लागतो. देवा, कुणाला काही झालं तर?

संध्याकाळी
सापडलं. शेजारच्या सखुबाई सकाळच्या सिस्टरला म्हणाल्या, "दुर्गाघरी गौर आसा, तिका आधी घेवा, माका नंतर." दुर्गा म्हणजे माझी आई. ती दुपारच्या सिस्टरला म्हणाली, "सखूला आधी घ्या." दोन्ही सिस्टरांनी तसंच टाकलं, झालं! आईचं नाव काढायला यादी सखुबाईंकडे बघते, सखुबाईंचं काढायला आईकडे. दोघी अडल्या, त्यांच्यामागची सगळी अडली. आणि आळशी ना मेली — कोणी त्या नावांपर्यंत पोचेपर्यंत तोंडातून ब्र नाही!
शेवटी सिस्टरने तोंडीच नावं पुकारली. सखुबाईंचं झालं. आई म्हणाली, "उशीर झाला, आज राहू दे," आणि घरी आली.

४ सप्टेंबर
आता यादी नाव टाकतानाच तपासते, फिरून तिथेच येतंय का. आलं तर नोंदच घेत नाही. सर म्हणाले, "शाब्बास!" कसली शाब्बासकी? आईचे पाय सुजलेत. बोट दाबलं तर खळगा पडतो. माझ्यामुळे! उद्या तिला सकाळीच घेऊन जाते. खूप भीती वाटतेय.

५ सप्टेंबर
निघताना आईची माफी मागितली. ती चपला न घालता खाटेवर बसली.
"वेडी कुठली! तुझ्या यादीच्या आधीपासून मी अधूनमधून हेच करते. सगळ्यांना पुढे पाठवते, वेळ संपली की घरी येते. मला नकोय गं आता ते डायलिसिस."