हिरवं आहे ते राहू दे

१७ मार्च, सकाळ
आजपासून स्वतःला रिटायर्ड म्हणायचं नाही. शेतकरी. गेल्या पावसाळ्यात काटोलजवळच्या माझ्या हिश्श्यात संत्र्याच्या कलमा लावल्या, सरकारी फळबाग योजनेतून. अनुदानाचा पहिला हप्ता आला. दुसऱ्या वर्षी शंभरातली ऐंशी झाडं जिवंत दिसली की दुसरा. मुलीशी, वैभवीशी ठरलंय: हप्ता आला तर मी इथे शहरात, मनीषनगरातल्या फ्लॅटमध्ये एकटा राहायला लायक. नाही आला तर फ्लॅटला कुलूप, शेत भावाला, आणि मी तिच्याकडे पुण्याला. तर, दर रविवारी काटोल. ठराव पास.

२३ मार्च, रविवार
गेलो नाही. ऊन.

३० मार्च, रविवार
पाडवा. सणाच्या दिवशी झाडांना त्रास नको.

८ एप्रिल
धाकट्या भावाचा, गिरिधरचा फोन. त्याचं शेत माझ्या धुऱ्याला, बांधाला लागून, माझ्या झाडांना पाणी तोच सोडतो. म्हणे, भाऊ, कलमेच्या खालून जंबेरीचे फुटवे निघून राहिले, खुडून टाकू का? संत्र्याची कलम जंबेरीच्या, म्हणजे जंगली लिंबाच्या रोपावर बांधतात, एवढं मलाही कळतं. पण आलेली पालवी कशाला तोडायची? हिरवं आहे ते राहू दे म्हटलं. मॅनेजमेंट लांबूनही होतं.

२ मे
बायकोला, कामिनीला जाऊन वर्ष झालं. बाग लावायची आयडिया तिचीच. वैभवी फोनवर रडली. मीही रुमाल घेऊन बसलो होतो. काही आलं नाही. मग त्याच रुमालाने चष्मा पुसला.

२५ मे, रविवार
पंचेचाळीस डिग्री. गिरिधर म्हणे, वरची कलम सुकून राहिली भाऊ, एकदा येऊन पाहून जाय गा. म्हटलं, फोटो पाठव. पाठवला. हिरवागार! हा उगाच घाबरवतो. फोटो डीपीला लावला. जुन्या ऑफिसमधल्या सुशीलचा अंगठा आला.

१ जुलै, कृषी दिन
स्वतःला शुभेच्छा. धरमपेठेतून गमबूट आणले. हॉलमध्ये घालून पाहिले. संध्याकाळपर्यंत काढायचे राहून गेले.

१० ऑगस्ट
पाऊस आहे. झाडांना आता माझी गरज नाही.

२२ सप्टेंबर
उद्या तपासणी. कृषी खात्याच्या पायल मॅडम येणार. वैभवीला कळवून टाकलं, हप्ता आल्यात जमा. ती बरं म्हणाली. तिचं ते बरं मला आवडत नाही.

२३ सप्टेंबर
बसने काटोल, पुढे गिरिधरची मोटारसायकल. बाग छातीला लागलेली. गमबूट घालून मधोमध उभा राहिलो, गिरिधरला फोटो काढायला लावला. मॅडमनी एक पान चुरगाळून माझ्या नाकाशी धरलं. लिंबाचा वास. फांदीवरचे काटे दाखवले. म्हणे, काका, हे संत्रं नाही, जंबेरी आहे. तुमची कलम उन्हाळ्यातच मेली, खालचं झाड तेवढं वाढून राहिलं. सगळ्या रांगा फिरल्या. तीच गत. मी विचारलं, पण जिवंत आहे ना? म्हणे, जिवंत आहे हो, पण याले संत्रं येत नाही. हप्ता नाही.

गिरिधरवर चिडायचं ठरवलं. तो म्हणे, सांगतलं होतं ना गा भाऊ, तूच म्हणे राहू दे. मग हळूच विचारलं, उपटून टाकू का? शेत तूच वाह म्हटलं, झाडं मात्र उपटू नको. 

वाईट वाटायला हवं होतं. भूक लागली होती. त्याच्याकडे पिठलं-भाकर खाल्ली.

२४ सप्टेंबर
वैभवीचा फोन. बाबा, झाडं जगली का? जगली म्हणालो. हे खोटं नाही. हप्त्याचं विचारलं, तेव्हा मी टीव्हीचा आवाज कमी केला. तो बंदच होता. ती म्हणाली, तिकीट काढू? काढ म्हणालो. चार दिवसांसाठीच. परतीचं नंतर पाहू.

बॅग भरली. गमबूट मावत नाहीत. घालूनच जाणार.