दोन्ही चिठ्ठ्यांवर ‘नाही’

रवि., ४ फेब्रु.
पोह्यांवर डाळिंबाचे दाणे. ही कल्पना कुणाच्या डोक्यातून निघाली ते शोधून त्याच्यावर अग्रलेख लिहायला हवा. शेव समजू शकतो, शेवेला परंपरा आहे. पण डाळिंब? धर्मशास्त्रात याला प्रायश्चित्त नाही. लिहिणाऱ्यांना माणूस इथवर घसरेल असं वाटलं नसावं. आणि आम्ही तिघांनी ते निमूट खाल्लं.

पोहे हॉटेलातले, कारण नंदिनी आली नाही. विनायकाच्या घोडबंदरच्या घरी आमची रविवारची वादसभा. डोंबिवलीच्या संस्कृत पाठशाळेत चौघं एका बाकावर होतो. गुरुजी गेले, खोड राहिली. विषय ठरतो, दोन चिठ्ठ्या होतात, जी बाजू हाती येईल ती लढवायची. स्वतःचं उदाहरण द्यायचं नाही. चिठ्ठी मोठ्याने वाचायची आणि लगेच फाडायची. चिठ्ठ्या मी करतो, मध्यस्थही मीच. वार्ताहराला स्वतःचं मत नसतं असा या मंडळींचा समज आहे.

“नंदिनी कुठाय?” गिरीशने विचारलं.
वि. बशीकडे बघत म्हणाला, “आम्ही थांबलो.”
“कुठे?” गिरीश कल्याणचा डॉक्टर. निदान नेहमी उशिरा.
“थांबलो म्हणजे... संपलं रे.”

तीन वर्षं दोघांचं जमलं होतं. तो विधुर, ती एकटी, दोघं पन्नाशी ओलांडलेली, कुणाची हरकत नाही. नं.ला बँकेत बढती मिळाली, पण नागपूरला. तिने त्याला सरळ विचारलं: लग्न करून इथेच राहू, का मी जाऊ? वि. म्हणाला, “बघू.” ती उठली, चपला घातल्या.

गि.ने (लाज नाही माणसाला) पुढचा विषय सुचवला: प्रेम नावाची वस्तू आहे की नाही. वि. म्हणाला, चालेल.

गुरु., ८ फेब्रु.
घोडबंदरच्या वाहतूक कोंडीवर बातमी. गेल्या वर्षीचीच दिली, दिवस बदलून. कुणाला कळलं नाही. कोंडीलाही नाही.

गि.चा फोन. नं.ला त्याने विचारलं, येणार का. ती म्हणाली, “येणार. सभा काय त्याच्या एकट्याची आहे?” फक्त वि.च्या घरी नको. मग गि.च्या दवाखान्यात.

शनि., १० फेब्रु.
एक पाप केलं. नोंदवून ठेवतो.

वि. दहा दिवस सगळं पोटात धरून बसलाय. त्याला ‘नाही’ची बाजू यावी, म्हणजे नियमाच्या आडून का होईना, मोकळा होईल, ओरडेल. चिठ्ठीचा काय भरवसा? म्हणून दोन्ही चिठ्ठ्यांवर ‘नाही’ लिहिलं. दुसरी गि. उचलेल (या विषयावर नं. कशाला बोलेल), मी डोळा मारीन, तो ‘आहे’ म्हणेल. दवाखान्यात ‘अजिबात दुखणार नाही’ म्हणत सुई टोचणारा माणूस, एवढं खोटं बोलेल.

गुरुजींनी छडी मोडली असती.

रवि., ११ फेब्रु.
क्रमाने लिहितो.

कल्याण, सकाळी नऊ. वि. पेशंटच्या बाकावर, नं. वजनकाट्याशेजारच्या खुर्चीत, मधे गि. पांढऱ्या कोटात, का घातला होता विचारलं तर “सवय”. वि. आणि नं. एकमेकांना “बरंय ना?” “बरंय” एवढंच. मी चिठ्ठ्या टेबलावर ठेवल्या. गि. हात पुढे करणार तोच नं. म्हणाली, “मी घेते एक.”

माझी सगळी योजना तिथेच आडवी.

वि.ने पहिली उघडली. पाहिली. जरा जास्तच वेळ पाहिली. आणि वाचली:
“आहे.”

त्या कागदावर ‘आहे’ नव्हतं. मी माझ्या हाताने लिहिलेला कागद. आणि दुसरीवर ‘आहे’ असणार, असंच त्याला वाटत असणार. म्हणजे पुढच्या क्षणी नं. चिठ्ठी उघडेल आणि सगळ्यांदेखत आपली चोरी पकडली जाईल, हे ठाऊक असून त्याने वाचलं. भाजीवाल्याने मेथी की पालक विचारलं तरी ‘बघू’ म्हणणारा हा माणूस.

नं.ने उघडली. “नाही.” दोघांनी फाडल्या. मी छताकडे बघत होतो. पंख्याला जाळं होतं.

मग वि. बोलला. वीस मिनिटं, हातात कागद नाही. म्हणाला, अभाव म्हटला की त्याला प्रतियोगी लागतो. ज्याचा अभाव, ती वस्तू असावी लागते. सशाच्या शिंगांवाचून कुणाचं काही अडत नाही, कारण ती नव्हतीच कधी. पण माणूस सकाळी उठून दोन कप काढतो आणि एक परत ठेवतो...
“स्वतःचं उदाहरण!” गि. ओरडला.
“सामान्य उदाहरण आहे,” वि. म्हणाला. “एक माणूस. कोणताही. त्याला जे नाहीसं झालेलं रोज त्याच जागी सापडतं, ते नव्हतं असं कोणत्या प्रमाणाने म्हणाल?”

आवाज चढला नाही. पाठशाळेत हा मुलगा नेहमी शेवटून पहिला. मी अनेक विद्वानांच्या भाषणांच्या बातम्या दिल्या आहेत. ऐकताना पेन खाली ठेवावंसं वाटलं असं आजवर झालं नव्हतं. आज ठेवलं.

नं.ही उभी राहिली. “जे काहीच करत नाही, ते नाही. हे बौद्धांचं मत, माझं नाही. वस्तू आहे म्हणता आणि कपाटात ठेवता. दहा वर्षं विचारलं तरी ती बाहेर येत नाही. मग कपाट रिकामं आहे असं म्हणणाऱ्याचं काय चुकलं?”
“कुणाचं कपाट?” गि.
“कोणतंही,” ती म्हणाली. बसताना पर्स पडली. वि.ने उचलून दिली.

मला निर्णय देता आला नाही. राखून ठेवला म्हणालो. न्यायाधीश तसंच म्हणतात.

सोम., १२ फेब्रु.
कामात लक्ष नाही. चाळीस वर्षांची ओळख नि माणूस माहीत नव्हता.

बुध., १४ फेब्रु.
माजिवड्याच्या सिग्नलला गाड्यांमधून गुलाब विकत होते. नं.ची बँक तिथेच. चहाला बोलावलं तिने. बसायच्या आत:
“त्याच्या चिठ्ठीवर काय होतं?”
“फाडली ना त्याने.”
“फाडली का, ते मी विचारलं नाही. तू छताकडे बघत होतास. बातमी दाबतोस तेव्हा तू वरच बघतोस.”

मी कपाकडे बघितलं. मग ती हळू बोलू लागली. “हे बघ, चिठ्ठीवर ‘आहे’ असेल तर त्याने नेमून दिलेलं काम केलं. छान केलं. झुरळांची बाजू आली असती तरी तितकंच छान बोलला असता. पण नसेल... तर मला कळायला हवं. मंगळवारी लेखी द्यायचंय, नागपूर हो की नाही. सोमवारी शिवजयंतीची सुट्टी. तू रविवारी सांग.”
“मी मध्यस्थ आहे गं.”
“म्हणूनच तुला विचारतेय. त्याला विचारलं तर काय म्हणेल, माहितीये ना?”
दोघंही हसलो. तिचं हसणं आधी थांबलं.

शुक्र., १६ फेब्रु.
वि.कडे गेलो. पाप कबूल केलं. त्याला आधी कळेचना, मग बराच वेळ हसला. “म्हणजे तिच्याही हातात ‘नाही’च होतं?”
“हो. तू का नाही वाचलंस, जे होतं ते?”
खिडकीतून खाली गाड्यांची रांग बघत राहिला. “तिच्यासमोर ‘नाही’ वाचवेना रे.”

एवढंच. आणखी विचारायची माझी छाती झाली नाही. देवळात गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर आपण आपोआप थांबतो, तसा थांबलो.

मग म्हणालो, “तिला सांगू?”
“नको. कुणाच्या सांगण्यावरून नको. मीच सांगेन.”
“कधी?”
“बघू.”

गाढव. उशी फेकून मारली. लागली नाही.

शनि., १७ फेब्रु.
उद्या सभा. विषय गि.ने ठरवलाय: चहा श्रेष्ठ की कॉफी. सभेआधी मला नं.ला उत्तर द्यायचंय.

दिवसभर स्वतःशी वाद घातला. मध्यस्थाने बोलू नये, वि.ने नको म्हटलंय, चोरी माझीच, सांगितलं तर सभेचा विश्वास जाईल. सगळी कारणं सुबक आहेत. खरं कारण यात नाही.

प्रेम नावाची वस्तू आहे, याबद्दल मला शंका उरलेली नाही. डोळ्यांनी पाहिलीय, कल्याणला, वजनकाट्याजवळ. पण ज्याच्याकडे ती आहे तो मंगळवारनंतर बदलेल, असं मला कालच्या भेटीवरून वाटत नाही. मी सांगितलं, तर ती नागपूर सोडेल. तिचा चेहरा बघून मला ते कळलंय. आणि दोन वर्षांनी ती तशीच वाट बघत बसलेली असेल तर? न सांगितलं आणि ती गेली, तर तो तिच्यासाठी खोटं वाचला हे तिला कधीच कळणार नाही.

तिचं वाईट माझ्या हातून व्हायला नको. मला त्याचीच भीती वाटते. काय सांगायचं ते अजून ठरलेलं नाही.